मदत हवी आहे: डोळ्याच्या पडद्याखाली पाणी, चित्रं अडकली

नमस्कार मंडळी. मी नाशिकला पंचवटीत राहतो, जलरंगात काम करतो. गोदाघाटाच्या बारा चित्रांचं काम घेतलंय, सात झाली. आठव्यात नारोशंकराच्या देवळाचं शिखर काढताना उजव्या डोळ्याला सरळ रेघ मधेच वाकलेली दिसू लागली. त्या डोळ्यानं सगळं जरा लहान आणि फिकंही दिसतं. काळ्या दगडातले करड्या रंगाचे पदर वेगळे कळत नाहीत, आणि माझं सगळं काम त्यावरच तर आहे!

ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा स्कॅन) केल्यावर समजलं, पडद्याखाली पाणी साचलंय. या आजाराला सीएससीआर (सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपॅथी) म्हणतात. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा ३-४ महिन्यांत आपोआप ओसरतं, थांबून पाहू. सर्दीसाठी स्टिरॉइडचा स्प्रे घ्यायचो, त्यानंही हे होऊ शकतं, म्हणून तो त्यांनीच बंद करायला सांगितलाय.

इथे कुणाला हा त्रास झालाय का? विशेषतः चित्रकार, पैठणी विणणारे, सोनार अशा बारीक काम करणाऱ्यांना? रेघ सरळ दिसायला किती दिवस लागले? रंग पूर्वीसारखे परतले का? तोवर एक डोळा झाकून काम केलंत की थांबलात? दुसरं मत घ्यायला गंगापूर रोड, कॉलेज रोडकडचे पडद्याचे चांगले डॉक्टरही सुचवा. काम देणाऱ्यांना मुदतीबद्दल या आठवड्यात सांगायचंय.