बोटीचं मशीन भर पाण्यात दम सोडतंय (उजनी फुगवटा), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या काठाला राहतो (फुगवटा म्हणजे धरणाचं मागे पसरलेलं पाणी). मेव्हण्याची मासेमारीची फायबर बोट आहे. तिला मागे १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन आहे. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, कार्बोरेटरवालं, जुनं विकत घेतलेलं. जाळी टाकायला-काढायला हीच बोट, आणि थंडीत रोहित पक्षी बघायला पाहुणे आले की त्यांना फिरवायलाही हीच. घर त्यावर चालतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुखणं असं आहे. काठावर दोरी ओढली की मशीन लगेच चालू होतं. हळू चालवलं तर कितीही वेळ तक्रार नाही. पण पूर्ण रेस देऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की आवाज बसायला लागतो आणि मशीन घुसमटतं. एकदम बंद पडत नाही, हळूहळू खचत जातं. रेस कमी करून मिनिट-दोन मिनिटं तसंच ठेवलं की पुन्हा दम येतो, आणि पुढे गेलं की परत तेच. एखाद्या दिवशी मात्र सकाळभर काहीच होत नाही.

मेकॅनिकला दाखवलं. आमच्याकडचे मेकॅनिक मोटारसायकलचे, हाताने चांगले, पण आउटबोर्ड त्यांच्याकडे क्वचित येतं. पाण्याच्या ड्रममध्ये मशीनचा खालचा पाय बुडवून चालवलं तर मशीन अगदी ठीक वाजतं, कारण तिथे बोटीचं ओझंच नसतं. कार्बोरेटर उघडून धुतला, दोन्ही प्लग नवे टाकले. ऑइल लिटरला २० मिली, म्हणजे ५०:१, तेच कायम. थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात येते आणि कोमट असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इथे गाळ फार, म्हणून इंपेलरही (थंडाव्याचं पाणी ओढणारी रबरी पात्यांची चक्री) काढून पाहिला, पाती शाबूत आहेत. पंख्यात जलपर्णी अडकली तर ते वेगळं कळतं, उलटा गिअर टाकला की सुटते. हे तसं नाही.

आता मेकॅनिक म्हणतो, गरम झाल्यावर कॉइल (प्लगला करंट देणारी) जातेय, नवी टाका. कॉइल स्वस्त नाही, आणि टाकल्यावर निघाली दुसरीच भानगड तर? मला एवढंच हवंय: दोष पेट्रोलचा की करंटचा, हे पाण्यात असतानाच ओळखायचं कसं?

घाई का, तेही सांगतो. वैशाखात दुपारनंतर इथे वळवाचं वारं कधी सुटेल सांगता येत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे कारण वादळाचं होतं. पण लाटा उठल्यावर मशीनने दम सोडला तर बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवता येत नाही, ती आडवी होते. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

प्रतिसाद १

दादा, मी मालवणकडचा. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गरम होऊन गेली की दम बटण दाबल्यासारखा तुटतो, आणि परत यायला मशीन थंड व्हावं लागतं, मिनिटभरात भागत नाही. दोनांतला एक सिलिंडर गेला तर आवाज फाटका होतो, तोही लगेच कळतो. हळूहळू खचणं आणि रेस कमी केली की सावरणं, ही पेट्रोल कमी पोचल्याची खूण.

कार्बोरेटरला हात लावू नका. सोबत एक माणूस घ्या आणि दम सोडायला लागला की त्याला टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा हातात धरायला सांगा. फुगा आत ओढला जाऊन चपटा झालेला असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे: टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू, टाकीतली शोषनळी आणि तिची जाळी, किंवा टाकी ते फुगा ही नळी. नुसता मऊ लागला आणि दाबल्याबरोबर मशीन उचललं, तर कुठेतरी हवा घेतंय, नाहीतर मशीनवरच्या पंपाचा डायाफ्राम (पेट्रोल ढकलणारा पातळ पडदा) थकलाय. टणक असूनही दम जातोय, तर मग फुग्याच्या पुढे शोधा.

आणि एक, हे मनावर घ्या. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तशाच अवस्थेत रेस दामटत राहिलात तर पिस्टन धरेल, आणि मग कॉइलचा खर्च किरकोळ वाटेल.

प्रतिसाद २

नळी किती जुनी आहे? हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, आतला थर फुगून सुटतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. बोटीतली टाकी अर्धी रिकामी ठेवून दिली की आत दव धरतं, ते पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं आणि शोषनळी नेमकी तळातूनच घेते. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलं तसं करून आलो.

मेव्हण्याने सुकाणू धरलं, मी फुगा हातात घेऊन बसलो. पूर्ण रेसवर फुगा आधी टणक होता, मग बोटांखाली हळूहळू आत जायला लागला आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. त्याच क्षणी आवाज बसला. झाकणाचा स्क्रू उघडाच होता, तरी अख्खं झाकण सैल करून पाहिलं, फरक नाही. म्हणजे हवेचा प्रश्न नव्हता. बरणीतल्या पेट्रोलमध्ये थर दिसला नाही. शोषनळीची जाळी साफ होती.

मग टाकी ते फुगा ही नळी काढून ब्लेडने उभी चिरली. टाकीकडच्या टोकापासून वीतभर आतला काळा थर सुटून सालीसारखा लोंबत होता. हळू चालवताना पेट्रोल त्याच्या कडेने जात असणार, आणि ओढ वाढली की तीच साल आडवी येऊन भोक बंद. मेकॅनिकलाही नेऊन दाखवली, त्याने कॉइलचं नाव सोडलं.

इथेनॉल चालणारी नळी आणि नवा फुगा टाकलाय, फुग्यावरचा बाण मशीनकडे ठेवून. पूर्ण रेसवर केत्तूरच्या बाजूला जाऊन आलो, एकदाही खचलं नाही.

आता पुढचं विचारतो. मशीनवरच्या फ्युएल पंपाचा डायाफ्रामही त्याच वयाचा आहे, आणि फुग्यापासून मशीनपर्यंतची जुनी नळीही तीच. नळी आम्ही बदलतोच आहोत. डायाफ्राम घरी बदलता येतो का, की गॅस्केट बसवायला कसबी हात लागतो? मालवणच्या दादांनी तेवढं सांगावं. ते होईपर्यंत पाहुणे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय, आणि जाळ्याला जातानाही दोन वल्ही आणि सगळ्यांची लाइफ जॅकेट बोटीत असतात.