इन्स्टॉल, रिमूव्ह, पर्ज : मराठीत काय म्हणावं?

निळी_शाई : उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) लाटेक हे टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर वापरू पाहणाऱ्यांसाठी मराठीत छोटी पुस्तिका लिहितेय. 'इन्स्टॉल'ला 'प्रतिष्ठापित करणे' लिहिलं तर वाचणारा सोवळं नेसून बसेल. 'टाकणे' चालेल? आणि 'रिमूव्ह', 'पर्ज' दोन्हींना 'काढून टाकणे'?

जुना_खिळा : बोलताना आपण सगळेच 'टाकतो', पण पुस्तिकेत नको. 'टेक लाइव्ह (लाटेकचा सगळा संच) टाकलं' म्हणजे संगणकात की कचऱ्यात? 'बसवणे' घ्या. नळ बसवतात, पंखा बसवतात, गणपतीही बसवतात. मध्येच नेट गेलं तर 'पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) अर्धवट बसलं' असंही सहज म्हणता येतं. टाइपसेटिंगला मात्र 'अक्षरजुळणी'च ठेवा, पुस्तकांच्या श्रेयपानावर तोच शब्द असतो.

काळी_खिडकी : 'बसवणे'ला अनुमोदन. पण दोन्हींना 'काढून टाकणे' नको, कामं वेगळी आहेत. ॲप्ट ही उबुंटूत पॅकेज बसवण्या-काढण्याची आज्ञा. 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' दिलं की पॅकेज जातं, पण त्याच्या सेटिंगच्या फायली 'इटीसी' फोल्डरात असतील तर त्या तशाच राहतात. मग 'डीपीकेजी -एल' ही पॅकेजेसची यादी दाखवणारी आज्ञा देऊन बघा. ओळीच्या सुरुवातीला 'आयआय' होतं तिथे आता 'आरसी' दिसेल : काढायला सांगितलंय, सेटिंग शिल्लक आहे. 'ॲप्ट पर्ज' त्या फायलीही नेतं. म्हणून रिमूव्ह म्हणजे 'काढणे' आणि पर्ज म्हणजे 'समूळ काढणे'.

निळी_शाई : 'निर्मूलन' कसं वाटतं?

जुना_खिळा : अहो, निर्मूलन हिवतापाचं नाहीतर अंधश्रद्धेचं. टेकने काय घोडं मारलंय?

काळी_खिडकी : तिसरं राहिलंच, 'ऑटोरिमूव्ह'. 'टेकलाइव्ह-फुल' हे नुसतं नावाचं पॅकेज, आत जवळजवळ काही नाही. ते बसवलं की त्याच्यामागून कित्येक जीबी येतात. पण तेवढंच काढायला गेलात तर ॲप्ट सांगतं, अमुक केबी जागा मोकळी होईल. केबी! नवरदेव निघून गेला, वऱ्हाड अजून जानवसघरात. ते 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने निघतं. पण 'वाय' दाबण्याआधी यादी वाचायला सांगा, त्यात तुम्हाला हवं असलेलंही काही निघतं. याला 'बेवारस पॅकेजेस काढणे' म्हणावं का?

निळी_शाई : बेवारस म्हटलं की पंचनामा आठवतो. 'उरलंसुरलं काढणे' करते.

जुना_खिळा : हे छान. माझी हरकत 'समूळ'ला आहे. पर्ज तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. तिथल्या 'टेक्सएमएफ' फोल्डरात तुम्ही स्वतः ठेवलेल्या स्टाइल फायली जागच्या जागी राहतात, आणि 'टेकलाइव्ह२०२३' अशा वर्षाच्या नावाचा लपलेला फोल्डर असेल तर तोही. मग समूळ कुठलं? 'सेटिंगसकट काढणे' म्हणा, जेवढं होतं तेवढंच सांगणारं.

काळी_खिडकी : मान्य. आणि मराठी मजकुरासाठी 'फुल'ची गरजच नाही हे पहिल्याच पानावर लिहा. 'टेकलाइव्ह-झीटेक' (युनिकोड मजकूर जुळवणारं टेक) आणि लोहित देवनागरी फाँट एवढ्यावर भागतं.

निळी_शाई : ठरलं. बसवणे, काढणे, सेटिंगसकट काढणे, उरलंसुरलं काढणे. आज्ञा मात्र इंग्रजीतच छापणार, ॲप्टला मराठी कळत नाही.