लूणीचं पात्र सरकलं की नकाशा? (जुनी टोपोशीट म्हणजे भूरूपदर्शक नकाशा, क्रमांक ४५ सी)

सिंदफणाकाठ (माजलगाव):
राजस्थानातल्या बालोतऱ्याजवळच्या लूणी खोऱ्याचं एक इंचाला एक मैल मापाचं जुनं शीट स्कॅन करून मिळालं. त्यावर आजचं उपग्रहचित्र टाकलं तर पात्र सगळीकडंच सरकलेलं दिसतंय. एम.ए.च्या प्रबंधात ‘नदीने पात्र बदलले’ असं लिहू का? आमची सिंदफणाही उन्हाळ्यात नुसती वाळू असते, पण तिचे काठ ठळक आहेत. लूणीचा काठ कुठला धरायचा तेच कळंना.

जुना प्लेनटेबलवाला (परभणी):
ताई, घाई नका करू. आधी समासातलं पाहणीचं साल बघा, छपाईचं नव्हे. तिथं बहुतेक जोडसाल (लागोपाठची दोन सालं) असतं, म्हणजे पावसाळा सरल्यावरचा फील्ड सीझन, मोजणीचा हंगाम. त्या दिवसांत लूणी कोरडी पडत जाते. म्हणून निळ्या रंगाच्या मागं लागू नका, ते फक्त तेव्हा उरलेलं पाणी. वाळूच्या ठिपक्यांची कड आणि काठाची खूण धरा.

बालाघाटात आम्हाला प्लेनटेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) मांडायला डोंगरमाथे मिळायचे, डोळ्यांसमोरच्या उतारावर कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, ओढता यायचे. लूणीच्या सपाटीत ५० फुटांचे दोन कंटूर फार लांब पडतात, मधली पायरी नकाशात येतच नाही. तिथं काठालगतचे ‘५ आर’ असे आकडे सोन्याचे: ती काठाची आसपासच्या जमिनीपासूनची उंची. एकेक आकडा उतरवून घ्या.

आणि १९७९ च्या जुलैतला लूणीचा महापूर विसरू नका. शीट त्याआधीचं असेल तर मधे तो येऊन गेलाय.

नकाशावेडा लातूर:
डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया. जुनं शीट एव्हरेस्ट डेटमवर, उपग्रहचित्र डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. डेटम न बदलता टाकलं तर सगळंच एका दिशेनं सरकतं. बालोतऱ्याचा रेल्वेमार्ग तपासा. तोही तेवढाच सरकला असेल तर नदीचा काही दोष नाही.
टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात अमेरिकी लष्कराची यू ५०२ मालिका फुकट मिळते, पण ती १:२,५०,००० ची. तिथं एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर, काठ मोजायला निरुपयोगी.

सिंदफणाकाठ:
रूळही तेवढेच सरकलेत! डेटम बदलल्यावर फरक फक्त एका वळणावर उरला.

जुना प्लेनटेबलवाला:
मग आता त्या वळणाच्या विहिरी बघा. बालोतऱ्याच्या खाली लूणीचं पाणी खारं होत जातं, त्यामुळं गोड्या पाण्याच्या विहिरी पात्राला धरून असायच्या. जुन्या शीटवर विहिरींची रांग आजच्या पात्रापासून लांब पडली असेल, तर त्या वळणापुरतं खुशाल लिहा.