मदत हवी आहे: बायपासनंतर मंदावलेली नाडी आणि दोन गोळ्या

माझ्या यजमानांची (वय 61) बायपास होऊन नऊ आठवडे झाले. तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाल्याने अमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारे औषध) सुरू झाले आणि घरी सोडताना मेटोप्रोलॉल, ॲस्पिरिन व अटोरवास्टॅटिन यांच्याबरोबर तेही चालू ठेवण्यास सांगितले. किती दिवस, हे मात्र चिठ्ठीवर कोठेच नाही.

ठोके आता नियमित आहेत, पण गेले दोन आठवडे सकाळची नाडी 50 ते 52 व रक्तदाब 100/60 च्या आसपास असतो. पलंगावरून उठताना ते कपाटाची कड धरून क्षणभर थांबतात आणि माझे लक्ष गेले, की ‘पायाला मुंग्या आल्या’ म्हणतात. भोवळ येऊन पडलेले नाहीत, मधुमेह नाही. अमिओडॅरोन व मेटोप्रोलॉल ही दोन्ही औषधे नाडी मंदावतात हे वाचले आहे. तरीही एकही गोळी आम्ही स्वतःहून बंद केलेली नाही. रोजच्या नोंदी दाखवल्या, तेव्हा शल्यविशारदांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे बोट दाखवले आणि त्यांनी पुन्हा शल्यविशारदांकडे.

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे, तोवर थांबणे मला पटत नाही. ज्यांच्या घरी असे झाले, त्यांच्याकडे अमिओडॅरोन थांबवण्याचा निर्णय अखेर कोणी घेतला आणि त्याआधी कोणत्या तपासण्या मागितल्या?