कणगीच्या कोपऱ्यात घरगुती बार : कोकणातला पावसाळा सोसेल असा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. माजघराच्या कोपऱ्यात पूर्वी भाताची कणगी असायची. शेती खंडाने दिल्यापासून ती जागा नुसती पडून आहे. रुंदी साडेपाच फूट, खोली चार फूट. एक भिंत बाहेरची, दुसरी स्वयंपाकघराकडची.

बाबा आणि काका संध्याकाळी पडवीत बसतात. बाटल्या मात्र कपाटात, कपड्यांच्या मागे. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी दडवून ठेवणं मला आवडत नाही. नीट, उघड जागा असावी असं वाटतं. आईची एकच अट आहे : आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कोकम सरबत, पन्हं यांनाही तिथे तेवढाच मान हवा. मला ती मनापासून पटली आहे. पाहुण्याने काय प्यावं हे त्याचं त्याने ठरवावं, पण प्रत्येकाला त्याच एका जागेवरून मिळावं.

खरी काळजी ओलीची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची भिंत हाताला गार आणि दमट लागते. कपाटातल्या बाटल्यांच्या लेबलांवरसुद्धा बुरशी येते. सुतार एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सुचवतोय, स्वस्त पडतं म्हणून. माझं मन धजत नाही. शिवाय वजन आहेच : भरलेली ७५० मिलीची बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, म्हणजे तीन फुटी फळीवर २० बाटल्या ठेवल्या की २५ किलो झाले.

आराखडा असा आहे : १८ इंच रुंद आणि ४२ इंच उंच काउंटर, मागे उभं राहायला ३० इंच, पुढे ३० इंची दोन स्टुलं. वर जुन्या ओट्याची कडप्पाची फरशी टाकायची. हे जमेल का? लाकूड कोणतं घ्यावं? असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, एमडीएफ अजिबात नको. एकदा पाणी प्यायलं की फुगतं, मग स्क्रूही धरत नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडा उघड्या राहणार नाहीत हे स्वतः उभं राहून पाहा, कारण पाणी तिथूनच शिरतं. जुनं सागवान मिळालं तर चौकट त्याची करा. स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच. वाळवीचं औषध काम सुरू होण्याआधी मारून घ्या.

सगळं सामान स्वयंपाकघराकडच्या भिंतीला लावा. बाहेरच्या भिंतीला काहीही टेकवू नका, किमान दोन इंच हवा खेळू दे. खाली पाय द्या, म्हणजे फरशी पुसता येईल. दारं झडपांची करा, पूर्ण बंद नकोत. फळीला मध्ये एक उभा आधार दिलात तर २५ किलो सहज पेलेल.

काउंटरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. १८ इंचांतले १० इंच गुडघ्यांसाठी मोकळे सोडले तर खाली कपाटाला ८ इंच उरतात. साडेपाच फुटांतून आत जायची वाटही काढावी लागेल. आणि बाबा-काका ३० इंची स्टुलावर रोज चढ-उतार करणार का? भिंतीलगतचं कपाट आणि त्याला ३० इंच उंचीवर आडवी उघडणारी फळी करा. समोर घरातल्या साध्या खुर्च्या चालतील.

प्रतिसाद

कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड आहे, लिंबू किंवा कोकम सांडलं की पांढुरके डाग पडतात आणि चकाकी जाते. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट घ्या. आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही असल्याने ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच ठेवा, पत्र्याचं झाकण लवकर गंजतं.

व्हिस्की, रम, फेणी उभ्याच ठेवायच्या, तीव्र मद्य सतत लागलं तर बूच खराब होतं. बुचाची वाइन आडवी. व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) उघडल्यावर फ्रीजमध्ये.

परवाना काढलाय ना? महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला तो लागतो, आणि साठ्यालाही मर्यादा आहे. गोव्याहून येताना ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेल्या बाटल्या परवानगीशिवाय आणू नका.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे उघडणारी फळीच करणार. कडप्पाची फरशी विहिरीजवळ कपडे धुवायला घेऊ. बाबा-काकांच्या परवान्यांचं या आठवड्यातच पाहते. बरण्या खालच्या कप्प्यात, आईच्या हाताला येतील अशा.

आता एवढंच सांगा : १८ इंची फळीवर ग्रॅनाइट बसवला तर ती रोज उघडायला जड होईल का? त्याऐवजी सागवानी फळीला पाणी आणि आंबट दोन्ही सोसेल असं कोणतं पॉलिश करावं?