आठवड्याचा स्वयंपाक फ्रीझरच्या भरवशावर आखावा का?

विजापूर रोडकर (प्रस्ताव)

नवरा-बायको दोघेही नोकरी करत असलेल्या घरात संध्याकाळी सात वाजता ‘आज काय करायचे’ हा प्रश्न पडतो, तेव्हा प्रत्यक्ष स्वयंपाकापेक्षा त्या प्रश्नाचाच शीण अधिक होतो. बहुतेक घरांत बर्फाच्या ट्रेपुरताच वापरला जाणारा फ्रीझर यावर चांगला उपाय ठरू शकतो, असे माझे मत आहे. रविवारी कुकरला जास्तीची तूरडाळ लावून ती घोटून एकेका वेळच्या आमटीपुरती डब्यांत भरून ठेवली, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि मोड आलेली मटकी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली, तर कामाच्या दिवशी फोडणी आणि भाकरी एवढेच उरते.

मटार हे याचे उत्तम उदाहरण आहे. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तो स्वस्त मिळतो. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, कापडावर पूर्ण कोरडे करावेत आणि ताटात एका थरात गोठवून मगच पिशवीत भरावेत, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही व हवे तेवढे मूठभर काढता येतात. उकळत्या पाण्याची पायरी गाळली, तर दाण्यातील विकरे (एन्झाइम्स) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग व चव दोन्ही उतरतात.

बाळीवेसकर

मटारापुरते आपले म्हणणे मान्य आहे. पण त्यावरून सगळा आठवडा फ्रीझरवर आखणे मला पटत नाही. साठवणीची अक्कल सोलापूरला फ्रीझरने शिकवलेली नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, काळा मसाला, सांडगे या सगळ्या गोष्टी विजेचा एक युनिटही न जाळता टिकतात, कारण त्यांच्यातील पाणीच काढून टाकलेले असते. अचानक पाहुणे आले, तर कडक भाकरी आमटीत कुस्करून वर कच्चे तेल आणि शेंगाचटणी घेतली की जेवण होते, आणि त्यासाठी काहीही वितळण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा मुद्दा विजेचा आहे. वळवाच्या पहिल्या वादळात वीज गेली की आपल्या रविवारच्या कष्टांचे काय होते?

जुळे सोलापूरकर

विजेची भीती थोडी अतिरंजित वाटते. गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर दार न उघडल्यास साधारण 48 तास आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास आपली थंडी राखतो. मात्र आपल्याकडील बहुसंख्य घरांत एकदारी फ्रीजचा वरचा कप्पा असतो. त्याला हा हिशेब लागू होत नाही आणि दीर्घ साठवणीसाठी लागणारे उणे 18 अंश सेल्सिअसही त्यात अनेकदा गाठले जात नाहीत. अशा कप्प्यात महिन्यांचा नव्हे, फार तर आठवड्याचा विचार करावा.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. शिजवलेले अन्न निवायला म्हणून ओट्यावर ठेवून लोक विसरतात. एरवी दोन तासांची मर्यादा सांगितली जाते. पण हवा 32 अंशांच्या वर गेली की ती एका तासावर येते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 ओलांडतो. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, केवळ थांबतात. म्हणून डाळ पसरट भांड्यात ओतून, ते थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावी आणि वापरण्याच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावी.

बाळीवेसकर

म्हणजे आठवड्याचे वेळापत्रक सांभाळण्यासाठी आणखी एक वेळापत्रक आले! शिवाय या घरांत मुख्य अन्न जे आहे, त्या ज्वारीच्या भाकरीला फ्रीझरचा उपयोग काय? ताज्या दळणालाच विरी, म्हणजे थापताना लागणारा चिकटपणा, असते. पीठ जुने झाले की भाकरी थापताना कडा चिरतात, आणि भाजून गोठवलेली भाकरी पुन्हा गरम केली तरी तिला तव्यावरचा मऊपणा येत नाही. भरली वांगी गोठवली तर त्यांचा लगदा होतो, बटाटा रवाळ होतो. सोयीसाठी आपण जेवणच बदलू लागलो, तर ती सोय कोणासाठी, हे विचारावेच लागेल.

विजापूर रोडकर

भाकरी गोठवावी असे मी कोठेही म्हटलेले नाही. ती रोज ताजीच थापली जावी. वांगी-बटाट्यांबद्दलही वाद नाही, कारण पाण्याचे स्फटिक होताना भाजीच्या पेशी फाटतात, ही गोष्ट कोणत्याही युक्तीने पूर्ण टळत नाही. पण कडक भाकरी आणि सांडगे यांच्यामागे कोणाचे किती दिवस उन्हात जात होते, हे आपण हिशेबात धरलेले नाही. त्या साठवणीला वीज लागत नव्हती. घरातील बायकांचा उन्हाळा लागत होता. डब्यावर तारीख लिहिण्याचे आणि रात्री डाळ खाली काढून ठेवण्याचे काम घरातील पुरुषालाही जमते.

जुळे सोलापूरकरांची निववण्याची सूचना मात्र योग्य आहे. उन्हाळ्यात हे काम रविवारी दुपारऐवजी पहाटे उरकावे, एवढा बदल मी प्रस्तावात करतो.

बाळीवेसकर

सांडग्यांच्या उन्हाचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही गोठवलेल्या डाळीची आमटी आणि कुकरमधून नुकत्याच काढलेल्या डाळीची आमटी एकच, हे मी मानणार नाही. वाटण आणि मटार फ्रीझरमध्ये जावेत. डाळ तर कुकरमध्ये वीस मिनिटांत शिजते.