जोडीदाराचं मोठं आजारपण आणि उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं) : तुमचे अनुभव लिहा

मोहरीचा_दाणा
कपाट आवरताना जुना पुठ्ठा सापडला, त्यावर स्केचपेनने क ख ग घ लिहिलेलं. ह्यांना जीबीएस झालं होतं तेव्हाचा. गिलान बारे सिंड्रोम, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते, पायापासून सुरू होऊन वर चढत जातं. ह्यांचं श्वासापर्यंत गेलं, मग व्हेंटिलेटर, मग गळ्यातून नळी, त्यामुळे बोलणं बंद, डोळे तेवढे हलायचे. मी अक्षरांवर बोट फिरवायची आणि हवं ते आलं की हे डोळे मिटायचे. पहिल्यांदा 'प' वर मिटले. मला वाटलं प्रार्थना कर म्हणतायत, लगेच हात जोडून सुरू केली, आमेन म्हणून बघते तर हे माझ्याकडे रागाने बघतायत. पुढे काना, मग य. पाय! टाचेखाली चादर गोळा झाली होती. जीबीएसमधे हलता येत नाही पण दुखतं मात्र चांगलंच.

खरं सांगू का, त्या प्रार्थनेत पण माझ्याकडे शब्द नव्हते, पाठ होतं तेच म्हटलं. चर्चच्या मंडळीतल्या बायका आळीपाळीने प्रार्थना करायच्या, पाळकसाहेब (पास्टर) येऊन बायबलमधलं याकोब 5, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा म्हणणारं, वाचून तेल लावून गेले, मी नुसती उभी. बायबलमधेच मार्क 2 मधे छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला खाली सोडतात ना, तिथे उचलून आणणाऱ्यांचा विश्वास प्रभू येशूला दिसतो. मी तेव्हा उचलणाऱ्यांत नव्हतेच, मी पण खाटेवरच होते.

आता हे काठी घेऊन चालतात, तळपाय अजून बधिर आहेत. तुमचं कसं होतं?

निवांत_पक्षी
आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटीबॉडीज) दिलेलं का प्लाझ्मा बदललेला? भावाला आयव्हीआयजी होतं, पाच दिवस

मोहरीचा_दाणा
आयव्हीआयजीच, पाच दिवस. ते हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून बनतं म्हणे. इतक्या अनोळखी लोकांचे आभार कुठे जाऊन मानणार, म्हणून देवाजवळच मानते.

टक्कलवाला
बायकोची केमो चालू असताना सगळे बायबलमधलं स्तोत्र 23 (परमेश्वर माझा मेंढपाळ) पाठवायचे. मला 13 जवळचं वाटायचं, दावीद सुरुवातीलाच चार वेळा विचारतो, कुठवर? देवाला असं विचारलेलं चालतं हे मला तेव्हा कळलं. तिचे केस गेले म्हणून मी पण गोटा केला तर म्हणते माझे परत येतील, तुझी गॅरंटी नाही. तिचे आले. माझं नाव वाचलंत ना वर.

घाईत_आहे
मुलांना सोडून येते मग लिहिते, खूप आहे सांगण्यासारखं

सांजवेळ
माझे हे गेले. प्रार्थना आमच्याकडेही तेवढीच झाली होती. नंतर भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या की विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनवलं तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, निघाला नाही, मग त्याचाही कमीच पडला म्हणायचा का? उपकारस्तुती मी करते, पण त्यांच्यासोबत जगायला मिळालं त्याची, ते गेले त्याची नाही. कोणी तसा आग्रह धरला तर मी उठून जाते. मोहरी, तुझ्या ह्यांचं वाचून मात्र खरंच बरं वाटलं गं.

मोहरीचा_दाणा
ताई 🙏 काय बोलू

टक्कलवाला
सांजवेळ ताई, त्या बाई बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांपैकी दिसतात, संकटात सापडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या. त्या मित्रांनी निदान पहिले सात दिवस तोंड तरी मिटलेलं.

सांजवेळ
😀 सात मिनिटंही नाही हो

रात्रपाळी
आयसीयूत नर्स आहे, आत्ता ड्युटी संपवून बसमधे लिहितेय. देवाचे आभार मानाच, मीही रोज मानते, पण दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायला जो वॉर्डबॉय येतो त्याचं नाव कोणालाच माहीत नसतं, ते एकदा विचारा. आणि नळीतल्या पेशंटलाही ऐकू येतं, उशाशी उभं राहून बिलाची भांडणं करू नका प्लीज

पाहुणा
मी ख्रिश्चन नाही, इथे लिहिलं तर चालेल ना? बायकोच्या बायपासच्या वेळी शेजारच्या बेडवरच्या आजी रोझरी म्हणायच्या, त्यात रोज हिचं पण नाव घ्यायच्या, विचारलं नाही काही नाही, सरळ घ्यायच्या. हिला डिस्चार्ज आधी मिळाला तर आजी म्हणाल्या आता तू माझं घे. ही अजून घेते, तिच्या पद्धतीने.

रात्रपाळी
हे मस्तच

अल्टोताई
मोहरीताई ह्यांचा आवाज नीट आला का? आमच्या ह्यांचा नळीनंतर घोगराच राहिला. चर्चच्या क्वायरमधे टेनर (उंच आवाजात गाणारे) होते, आता बेसमधे (खालच्या आवाजात) बसवलंय, बेसवाले खूष, त्यांच्यात माणसंच कमी होती

मोहरीचा_दाणा
आमचे आधीपासूनच बेसूर, त्यामुळे फरक कळायला मार्ग नाही 😂 तुम्ही स्पीच थेरपी केली का पण?

अल्टोताई
केली की. स्ट्रॉमधून हूं हूं करत सूर वर न्यायचा न् खाली आणायचा, घरात दिवसभर भुंगा फिरतोय असं वाटायचं. व्यायामांचा कागद शोधून फोटो टाकते थांबा